साखर कारखान्यांतील वायु आणि मिथेनॉल

लातूरजवळ विलासनगरचा मांजरा कारखाना घ्या, किंवा नांदेड जिल्ह्यांतील भाऊराव चव्हाण कारखाना घ्या. गाळप सुरू झालें म्हणजे साखरेबरोबर काळी मळी आणि चिखलासारखा प्रेसमड हीं निघावयाचींच. हा प्रेसमड हवाबंद टांकींत कुजूं दिला, तर त्यांतून जळणारा वायु निघतो. त्याच्या शंभर भागांत सुमारें साठ भाग मिथेन असतो. उरलेला बहुतेक कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड. हा दुसरा वायु जळत नाहीं. म्हणून मोटारींत भरण्यापूर्वीं तो वेगळा काढतात व बहुधा हवेंत सोडून देतात. टाकून दिलेल्या या भागालाच इंधनाच्या कामीं लावतां येईल काय?

रसायनशास्त्राचें उत्तर होकारार्थी आहे. मिथेन, कर्बाम्लवायु व पाण्याची वाफ हीं निकेलच्या सान्निध्यांत ८०० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलीं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचें मिश्रण तयार होतें. तें निववून, वातावरणाच्या पन्नास ते शंभर पट दाबाखालीं, अडीचशें अंशांच्या सुमारास तांबें व जस्त यांच्या उत्प्रेरकावरून नेलें, कीं मिथेनॉल मिळतें. पूर्वीं हा पाण्यासारखा द्रव लाकडापासून काढीत. वायूपासून तो मोठ्या प्रमाणावर करण्याचा उद्योग जर्मनींत १९२३ सालीं सुरू झाला. तीन भाग मिथेन, एक भाग कर्बाम्लवायु आणि दोन भाग वाफ या प्रमाणाचा पुरस्कार, १९९४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे रसायनज्ञ जॉर्ज ओला यांनीं केला. एक टन मिथेनॉलला ३७५ किलो मिथेन, ३४४ किलो कर्बाम्लवायु व २८१ किलो पाणी. जमाखर्च चोख जुळतो.

पण हा कागदावरचा जमाखर्च झाला. भट्टी तापविण्यासाठीं कांहीं वायु जाळावाच लागतो. प्रेसमडच्या वायूंत मिथेनच्या तीन भागांस कर्बाम्लवायूचे दोन भाग असतात, म्हणजे त्यांतला निम्मा तरी उरतोच. त्याचें मिथेनॉल करावयाचें तर निराळा हायड्रोजन हवा. आइसलंडमध्यें २०१२ पासून भूगर्भांतील उष्णतेच्या विजेनें पाण्यांतून हायड्रोजन काढून हें काम केलें गेलें. मराठवाड्यांत ती वीज उन्हापासून घ्यावी लागेल. शिवाय मळीपासून मद्यार्क करतांना ९२ किलो मद्यार्कामागें ८८ किलो कर्बाम्लवायु निघतो, आणि तो पुष्कळच शुद्ध असतो. ही दुसरी खाण फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

खरी अडचण भावाची आहे. तुर्भें व तळोजें येथील कारखान्यांनीं नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल केलेलें आहे. तरी देशाला लागणारा मोठा भाग आखाती देशांतून येतो, कारण तेथें वायु स्वस्त. परदेशांतील मोठे कारखाने दिवसाला हजारों टन माल काढतात. इकडे गाळप चार-पांच महिन्यांचें आणि प्रेसमड दहा ठिकाणीं विखुरलेला. त्यांत कुजक्या अंड्यासारख्या वासाचा गंधकयुक्त वायु मिसळलेला. तो आधीं काढला नाहीं तर तांब्याचा उत्प्रेरक निकामी होतो.

आणि पाणी? कारखान्याला लागणारें पाणी थोडें. उंसाला लागणारें मात्र अफाट. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातूरला प्यावयाचें पाणी आणावें लागलें, हें विसरण्याजोगें नाहीं. तेव्हां आहे त्या उंसाच्या टाकाऊ मालापासून मिथेनॉल करणें निराळें, आणि मिथेनॉलसाठीं ऊंस वाढविणें निराळें. हें दुसरें सर्वथैव त्याज्य होय.

मिथेनॉल घरांत वापरावयाचें झाल्यास आणखी एक सावधगिरी हवी. पेट्रोलच्या मानानें त्याच्या एका लिटरांत निम्मीच उष्णता असते, हा दोष चालण्यासारखा आहे. परंतु तें थोडेंसें पोटांत गेलें तरी दृष्टि जाते, प्रसंगीं प्राणहि. आणि दिवसाच्या उजेडांत त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाहीं.