संध्याकाळचा मोर पुसट का येतो?

पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात मोर जास्त दिसतात ते सकाळी नि संध्याकाळी. नेमका तेव्हाच उजेड कमी असतो, म्हणून स्वस्त झूम लेन्सचा फोटो पुसट येतो.

झूम करणं म्हणजे दृश्याचा छोटा तुकडा सेन्सरभर पसरवणं. तुकडा लहान, म्हणून प्रकाशही कमी. तो भरून काढायला लेन्सचं तोंड मोठं हवं. पावसात तांब्यापेक्षा घमेल्यात जास्त पाणी साठतं, तसं. साधी ५५-२५० मिमी लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ देते, म्हणजे २५० भागिले ५.६, सुमारे ४५ मिमीचं तोंड. एफ २.८ हवं तर ९० मिमी लागेल. प्रकाश चौपट, पण काच मोठी, जड आणि कितीतरी महाग.

प्रकाश कमी पडला की शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात मोर मान वळवतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमच्या हाताची थरथर सावरते, मोराची हालचाल नाही. (हे दुकानात क्वचितच सांगतात.)

तरीही पहिली लेन्स म्हणून मी ५५-२५०च सुचवेन. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६००पर्यंत बिनधास्त वाढवा, थोडे दाणे दिसले तर दिसू देत. जुनी घेत असाल तर टॉर्च मारून आत बुरशीचे धागे नाहीत ना, तेवढं बघा.