लघुप्रबंध की प्रबंध : फरक काय?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात; तेथील विद्यार्थ्यांसाठी हा फरक असा.

पदव्युत्तर प्रकल्प किंवा लघुप्रबंध : संशोधनाची पद्धत शिकणे हा हेतू. विषय आटोपशीर हवा. एका हंगामात लातूरच्या आडत बाजारात तुरीला मिळालेले भाव नीट नोंदवून त्यांची मांडणी केली, तरी काम चोख ठरते.

पीएच.डी. प्रबंध : ज्ञानात नवी भर हवीच. ते भाव तसे का राहिले, आधीच्या अभ्यासकांकडून काय निसटले, हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) पीएच.डी.साठीचे २०२२चे नियम :
- कालावधी किमान ३, कमाल ६ वर्षे; पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढ. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत.
- कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट.
- मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक आणि मौखिक परीक्षा.
- शोधनिबंध छापण्याची सक्ती नाही.
- एम.फिल. बंद.

लक्षात ठेवा : लघुप्रबंधाची पाने वाढवून प्रबंध होत नाही. आधी स्वतःचा प्रश्न शोधा, मगच नोंदणी करा.