सेवेतला थकवा आणि नाउमेद: वाशीम, होरेब आणि तुरीचं शेत



आजचा विषय सेवेतला थकवा. हा शब्द आपण मंडळीत फारसा उच्चारत नाही. पाळकसाहेब थकलेत असं कुणी म्हटलं, की दुसरा लगेच म्हणतो, ‘प्रार्थना कमी पडत असेल.’ आमच्या मते हे बोलणं निर्दय आहे, आणि त्याला शास्त्राचा आधारही नाही. कसा नाही, ते आज पाहायचं आहे.

सुरुवात वाशीमपासून करू. इंग्रजांच्या कागदपत्रांत याचं नाव बाशीम. १९०५ पर्यंत हा वेगळा जिल्हा होता, मग अकोल्यात गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. इथलं मिशनचं काम आधी मेथडिस्ट मंडळीकडे होतं. १९३० च्या दशकात ते नाझरिन मंडळीकडे आलं. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या, आणि १९३८ मध्ये वाशीमला मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत दवाखाना सुरू झाला. तेच आजचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. डॉक्टरबाई पुढे जवळजवळ चाळीस वर्षं सेवेत राहिल्या.

१९३८ साल म्हणजे काय, हे जरा डोळ्यांपुढे आणा. पेनिसिलिन अजून बाजारात आलेलं नव्हतं. बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीतून यायची, तीही सगळे उपाय करून झाल्यावर. अशा ठिकाणी डॉक्टरच्या हातून माणसं वाचतात तशी जातातही. आणि जाणाऱ्यांची आठवण जास्त दिवस राहते.

आता आपली एक सवय अशी, की अशी गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, ‘बघा, त्या नाही थकल्या!’ कुणी सांगितलं नाही थकल्या? चाळीस वर्षं टिकणं आणि न थकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकण्याची कारणं शोधायची तर त्या दवाखान्याकडे नीट बघावं लागेल. तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे एका डॉक्टरच्या हातातलं काम शिकवून दुसऱ्यांच्या हातात दिलं गेलं. दवाखाना एका नावाने ओळखला जातो, पण रात्रपाळी अनेकांनी केलेली असते. आणि ती शाळेची इमारत? ती उभारणाऱ्यांना पुढे तिथे खाटा लागतील याची कल्पनाही नसेल. आपलं काम दुसऱ्यांच्या हाती गेलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार आपण क्वचित करतो.

आता शास्त्रभाग घेऊ. १ राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आणि त्यानंतर ईजबेलीच्या एका निरोपाने एलीया पळत सुटला. बैर-शेबापर्यंत गेला, चाकराला तिथे ठेवलं, आणि एकटाच रानात एका दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसला. देवाकडे मरण मागितलं. हा कोण? कालपर्यंत ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला तो! त्याची प्रार्थना कमी पडली, असं आपण म्हणणार का?

देवाने काय केलं ते नीट बघा. रागावला नाही. आधी झोपू दिलं. मग दूताने त्याला उठवलं, निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, आणि कारणही सांगितलं, की पुढची वाट तुला झेपणार नाही. म्हणजे शरीराचा थकवा देवाने शरीराचाच मानला. भुकेल्याला भाकर दिली, उपदेश नाही दिला.

पण नाउमेद ही त्याहून वेगळी गोष्ट, आणि ती झोपेने जात नाही. चाळीस दिवस चालून होरेबाला पोचल्यावरही एलीयाचं गाऱ्हाणं तेच. देव दोनदा विचारतो, इथे काय करतोस, आणि तो दोन्ही वेळा एकच उत्तर देतो: मी एकटाच उरलोय. इथे देव त्याला दोन गोष्टी देतो. पहिली म्हणजे हिशोब. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक आहेत. एलीयाची मोजणी एक, देवाची सात हजार. दुसरी म्हणजे नेमणूक: हजाएल, येहू आणि अलीशा या तिघांना अभिषेक कर.

या तिघांपैकी एलीयाच्या हातून किती झालं? अलीशा तेवढा त्याला नांगरताना सापडला, आणि त्याने आपला झगा त्याच्यावर टाकला. हजाएल आणि येहू यांची कामं पुढे अलीशाच्या काळात झाली; येहूचा अभिषेक तर अलीशाने पाठवलेल्या एका शिष्याने केला. तरी देवाने एलीयाला नापास केलं नाही. काम एकाच्या आयुष्यापेक्षा लांब होतं, एवढंच.

पौलाने गलतीच्या मंडळ्यांना लिहिताना, सहाव्या अध्यायात, याच गोष्टीला पेरणी-कापणीचा शब्द वापरला. चांगलं करताना खचू नका, वेळ आली की पीक पदरी पडेल, असा त्याचा आशय. आता ‘वेळ आली की’ म्हणजे केव्हा, हे वाशीमच्या शेतकऱ्याला आपण समजवायची गरज नाही. तो सोयाबीनमध्ये तूर घेतो. पेरणी एकाच दिवशी, पाऊस तोच, माती तीच. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरात येतं. तूर तेव्हा हिरवीच उभी असते; ती यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. म्हणून दिवाळीला कुणी तूर उपटून टाकतं का? आणि पावसाने दगा दिला तर दुबार पेरणी करावी लागते, ती बियाण्याचा खर्च सोसून, दात-ओठ खात. करतातच लोक.

आपण मात्र मंडळीत सगळ्या कामाला सोयाबीनचा हिशोब लावतो. वर्षाला किती बाप्तिस्मे झाले, किती घरं वाढली. संडे स्कूलला शिकवणाऱ्या बाईंचं पीक वीस वर्षांनी दिसतं, तेही बहुधा पुण्या-मुंबईच्या एखाद्या मंडळीत, कारण मुलं कामासाठी तिकडे गेलेली असतात. त्यांच्या अहवालाच्या रकान्यात काय लिहायचं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मराठी ख्रिस्ती माणसाला जवळचं आहे. केडगावच्या मुक्ती मिशनची पुढची धुरा जिच्यावर, ती लेक मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाईंच्या हातात तेव्हा मराठी बायबलच्या भाषांतराचं काम होतं. ते त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. छापलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.

मग मंडळीने करायचं काय? आम्हाला वाटतं, पहिलं काम साधं आहे. पाळकाला आठवड्यातून एक दिवस खरोखर सुटी द्या, आणि त्या दिवशी फोन करू नका. रविवारी त्याची सुटी नसते, हे आपण विसरतो. त्याचा पगार वेळेवर द्या; भाकरीची चिंता दूताने आधी मिटवली, उपदेश नंतर आला. महिला मंडळ, तरुण संघ, घरोघरच्या प्रार्थना सभा, सगळीकडे तेच एक-दोन चेहरे दिसत असतील, तर त्यांना शाबासकी देऊन थांबू नका, त्यांच्याबरोबर दुसरं माणूस बसवा. आणि एखादा सेवक ‘मी एकटाच उरलोय’ म्हणाला, तर त्याचं म्हणणं खोडू नका. त्याला जेवायला बोलवा, आणि मग शेजारच्या गावच्या सेवकाची गाठ घालून द्या. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशीम: जिल्ह्यात तालुके सहाच आहेत. महिन्यातून एकदा भेटणं अवघड नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण अलीशाच्या शेतापासून सुरुवात करू. बारा जोड्या बैलांच्या मागे चालणारा तो माणूस घरून निघताना काय करून निघाला, ते तेव्हा पाहू.