हळदीचे पेटंट आणि ऑनलाइन वर्ग

हिंगोली जिल्ह्यात कुणाला कापल्या-खरचटल्यावर हळद लावायला शिकवावे लागत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीवर सरकारी मोहोर उमटवण्यापुरते. तरीही मार्च 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना देऊन टाकले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले. त्यांच्या पुढाकाराने या पेटंटला आव्हान दिले गेले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. या विजयाचा अभिमान आपण पुष्कळ बाळगला, पण तो कशाच्या जोरावर मिळाला याकडे कमी पाहिले. कोट्यवधी घरांत हळद वापरली जाते, एवढे सांगून भागणार नव्हते. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून धरला जात नसे. छापील मजकूर लागे. म्हणून जुन्या ग्रंथांपासून 1953 च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत 32 संदर्भ सादर करावे लागले. जे सगळ्यांना ठाऊक होते, ते कुठेतरी लिहिलेलेही होते, म्हणून हळद वाचली.

आता हाच पेच संगणकावरच्या वर्गात येतो. 17 जानेवारी 2006 रोजी अमेरिकेतल्या ब्लॅकबोर्ड या कंपनीला ऑनलाइन शिक्षण-व्यवस्थेचे पेटंट मिळाले. त्यात 44 दावे होते. पेटंटात ‘दावा’ म्हणजे शेताची चतु:सीमा: त्या रेषेच्या आत दुसऱ्याने विनापरवाना पाऊल टाकायचे नाही. ब्लॅकबोर्डने आखलेल्या रेषेच्या आत काय होते? एकाच माणसाला एका अभ्यासक्रमात शिक्षक, दुसऱ्यात विद्यार्थी अशा वेगवेगळ्या भूमिका देणे आणि त्या भूमिकेप्रमाणे त्याला धडे, परीक्षा, गुण पाहू देणे. जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे रोज घडते. वर्गात शिकवणारे गुरुजी प्रशिक्षणाला गेले की बाकावर बसतात, आणि तिथली हजेरी दुसरेच कुणी घेते. ही रोजची व्यवस्था संगणकावर मांडणे हा प्रोग्राम-रचनेचा कसबी भाग नक्कीच आहे. पण तो वीस वर्षांच्या मक्तेदारीला पात्र ठरणारा शोध आहे का, हा खरा प्रश्न.

जुलै 2006 मध्ये ब्लॅकबोर्डने कॅनडातल्या डिझायर-टू-लर्न या स्पर्धक कंपनीवर टेक्सासमधल्या न्यायालयात खटला भरला. फेब्रुवारी 2008 मध्ये ज्यूरीने ब्लॅकबोर्डच्या बाजूने सुमारे 31 लाख डॉलरची भरपाई ठरवली. पुढे जुलै 2009 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला: पहिले 35 दावे संदिग्ध म्हणून आधीच बाद झाले होते, आणि ज्या तीन दाव्यांवर भरपाई उभी होती तेही नवे नव्हते असे ठरले. ते कशाने ठरले, हे विशेष आहे. पेटंटच्या अर्जाआधीच वापरात असलेल्या जुन्या प्रणाली न्यायालयासमोर ठेवल्या गेल्या होत्या. त्यांतली एक डेलावेअर विद्यापीठात तयार झालेली होती, दुसरी कोर्सइन्फो. आणि कोर्सइन्फो बनवणारी मंडळी पुढे ब्लॅकबोर्डमध्येच सामील झालेली होती. डिसेंबर 2009 मध्ये दोन्ही कंपन्यांनी समझोता केला. दरम्यान मूडल, साकाई आणि एट्यूटर या खुल्या, फुकट वापरता येणाऱ्या प्रणालींच्या वतीने एका कायदेविषयक संस्थेने पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणी मागितली होती. हळदीच्या वेळी सीएसआयआरने धरलेली वाट हीच. जगभरच्या शिक्षकांनी आणि प्रोग्रामरनी 1960 च्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो प्रणालीपासूनचा इतिहास तारीखवार जमवायला घेतला. हळदीसाठी ग्रंथ चाळले गेले, इथे जुनी माहितीपुस्तके आणि जुने प्रोग्राम.

यावर कुणी म्हणेल, की अखेर चुकीचे पेटंट पडलेच ना, मग व्यवस्था चालते आहे. चालते, पण कोणासाठी? डिझायर-टू-लर्नला तीन वर्षे वकील पोसता आले. सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या दोन शिक्षकांनी सुट्टीत बसून बनवलेल्या सराव-ॲपवर अशी नोटीस आली, तर ते निकालाची वाट पाहणार नाहीत; ते ॲप काढून टाकतील. पेटंटाचा धाक न्यायालयाच्या दारापर्यंत जाण्याआधीच काम करतो, आणि असे मुकाट्याने काढून टाकलेले काम कुठल्याही निकालपत्रात दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पैसा आणि वर्षे घालून बनवलेली गोष्ट कुणीही उचलावी काय? उचलू नये, हे मलाही मान्य. पण लिहिलेल्या प्रोग्रामची नक्कल रोखायला कॉपीराइट आहे. पेटंट त्याच्या पलीकडे जाते. दुसऱ्याने एक ओळही न उचलता, स्वतःच्या डोक्याने तेच काम करणारा प्रोग्राम लिहिला तरी त्याला अडवते. औषधाच्या रेणूसाठी ही कडक मर्यादा समजू शकते. वर्ग चालवण्याच्या रीतीला ती लावली, तर शिकवणाऱ्याचे रोजचे व्यवहारच कुणाच्या तरी नावावर चढतात.

भारताने या बाबतीत शहाणपणाची रेषा ओढलेली आहे. पेटंट कायद्याच्या कलम 3(के) नुसार निव्वळ संगणक-प्रोग्राम, गणिती वा व्यावसायिक पद्धत आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. कलम 3(एम) ने बौद्धिक क्रिया करण्याची नुसती योजना, नियम वा पद्धतही वगळली आहे. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशाने प्रोग्रामसाठी दार किलकिले करायचा प्रयत्न केला होता. 2005 मध्ये संसदेने तो बदल कायद्यात घेतला नाही. म्हणून आपण निर्धास्त झालो, असे मात्र नाही. सगळा वाद ‘निव्वळ’ या एका शब्दावर येऊन थांबतो. 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की तांत्रिक परिणाम दाखवणारा शोध केवळ प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. यंत्र खरोखर सुधारणाऱ्या शोधासाठी हे न्याय्यच आहे. पण ‘तांत्रिक परिणाम’ किती ताणायचा, हे प्रत्येक अर्जावर ठरते, आणि तपासनीसाच्या समोर जे ठेवले जाईल त्यावरच तो ठरवतो.

दुसरीकडे पेटंटधारकाच्या चांगुलपणाचीही उदाहरणे आहेत. बालभारतीच्या पुस्तकांवर जो क्यूआर कोड छापलेला असतो, तो 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने विकसित केला. पेटंट त्यांच्याकडे होते. ठरावीक प्रमाणित रूपात वापरणाऱ्यांवर ते बजावायचे नाही, असे त्यांनी ठरवले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना तो काळा-पांढरा चौकोन पुस्तकात आणता आला, त्यामागे हा निर्णयही आहे. ब्लॅकबोर्डनेही फेब्रुवारी 2007 मध्ये खुल्या प्रणालींवर पेटंट न बजावण्याचे वचन दिले; पण खुल्या प्रणालीला व्यापारी सॉफ्टवेअरची जोड दिली, की ते वचन तिथे लागू पडत नव्हते. अशा वचनाची कक्षा ज्याचे पेटंट तोच आखतो.

म्हणून माझा भर पुराव्यावर आहे. आपल्याकडे पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी स्वतः त्या व्यवसायात असावे लागत नाही. मिळाल्यावरही वर्षभर हितसंबंधितांना विरोध करता येतो. हळदीच्या धड्यानंतर सीएसआयआर आणि पुढे आयुष या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी विभागाने 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू केले, जेणेकरून परदेशी तपासनीसाला आपले जुने ज्ञान त्याच्या भाषेत शोधता यावे. शाळांतल्या कामाचे असे दप्तर कुणी ठेवलेले नाही. शिक्षक तयार करतात ते प्रश्नसंच, हजेरीच्या युक्त्या, मूल कुठे अडले ते दाखवणारे तक्ते मोबाइलच्या गटांमध्ये फिरतात आणि फोन बदलला की पुसले जातात. जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशा प्रत्येक साधनाची कृती, ते कोणी बनवले, कधीपासून वापरात आहे, हे तारखेसह सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावे. त्याला मोठा निधी लागत नाही. दर सत्राअखेरी नोंद करणारा एक माणूस आणि त्याला दिलेला वेळ लागतो.