उंदीर पकडणाऱ्याचा इसार

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधल्या होरुस नावाच्या माणसाने आपिऑनला एक पत्र लिहिलं. भाषा ग्रीक, मजकूर सगळा पैशांचा. लाम्पोन या उंदीर पकडणाऱ्याला तुझ्या वतीने आठ द्राख्मे दिले आहेत, ते मला पाठवून दे. शिवाय डायोनिसियसला उसने दिलेले आठ द्राख्मे त्याने अजून परत केलेले नाहीत. पुढे हे पत्र ऑक्सिरिंकस गावाबाहेरच्या उकिरड्यात गेलं आणि कोरड्या वाळूत अठराशे वर्षं टिकून राहिलं. बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट या ऑक्सफर्डच्या दोघा अभ्यासकांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात तिथे खणायला सुरुवात केली, तेव्हा ते उजेडात आलं.

लाम्पोनला दिलेल्या पैशांना होरुस 'अर्राबोन' म्हणतो. काम ठरलं की आधी हातावर ठेवायची रक्कम, म्हणजे आपला इसार. हाच शब्द नव्या करारात पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत तीनदा येतो. देवाने आपला आत्मा माणसाला दिला तो अर्राबोन म्हणून, असं तिथे म्हटलं आहे. धर्मग्रंथात भेटलेला शब्द खास धर्माचाच असणार असं वाचणाऱ्याला सहज वाटतं. उकिरड्यातल्या कागदांनी दाखवून दिलं की हा रोजच्या देण्याघेण्यातला शब्द होता. दुसऱ्या एका पपायरसात गाय विकणाऱ्या बाईने घेतलेल्या अर्राबोनचा उल्लेख आहे. पौलाच्या श्रोत्यांना त्या वाक्यातून जे कळलं ते अगदी व्यवहारी होतं: सौदा पक्का झाला, पहिली रक्कम हातात आली, उरलेली मिळणार. मराठी बायबलमध्ये इथे 'विसार' हा शब्द योजला आहे, आणि तो मला फार नेमका वाटतो.

याच कागदांत आणि खापरांवर लिहिलेल्या पावत्यांत 'अपेखो' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. त्याचा अर्थ 'रक्कम पूर्ण पावली'. मत्तयच्या शुभवर्तमानात लोकांना दिसावं म्हणून दानधर्म करणाऱ्यांबद्दल येशू म्हणतो की त्यांना त्यांचं फळ मिळून गेलं आहे. तिथलं क्रियापद हेच आहे. पावती फाटली, हिशेब मिटला, आता येणं काही उरलं नाही. जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट ठासून मांडली, आणि नव्या कराराची ग्रीक ही कुणी वेगळी 'पवित्र' भाषा आहे, ही समजूत मागे पडली.

प्राचीन ग्रीक शब्दांचा अर्थ लावण्याचं काम असं चालतं. शब्द कुठल्या धातूपासून निघाला हे शोधून फार थोडं हाती लागतं. तो कोणी, कुणाला उद्देशून, कशाच्या संदर्भात वापरला, याचे दाखले जमवावे लागतात. आपल्या ओळखीचाच शब्द घेऊ. 'केंद्र' हा मुळात ग्रीक 'केंट्रॉन'. इलियडमध्ये रथाचे घोडे पिटाळायला जी टोचणी वापरतात ती केंट्रॉन, म्हणजे आपल्याकडची पराणी. मधमाशीची नांगीही केंट्रॉन. मग कंपासचं जे टोक कागदात रुततं ते, त्यानंतर वर्तुळाचा मध्य, आणि तिथून ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात. 'होरा'ही तसाच आला. होमरच्या काळी 'होरा' म्हणजे ऋतू, नंतर दिवसाचा भाग, पुढे तास. मराठीत आपण कुणाचा होरा बरोबर ठरला असं म्हणतो तेव्हा ऋतूही नसतो आणि तासही नसतो. हे प्रवास जाणून घेण्यासारखे आहेत. पण 'केंद्र सरकार' या शब्दाचा अर्थ कुणी पराणीवरून सांगू लागला तर आपण त्याला लगेच थांबवू. ग्रीक शब्दांच्या बाबतीत मात्र 'मूळ अर्थ असा आहे' हे वाक्य भाषणांत आणि पुस्तकांत बिनदिक्कत चालतं.

जुन्या शब्दांच्या अर्थाचा प्रश्न खुद्द ग्रीकांनाही पडला होता. इसवी सनपूर्व ४२७ मध्ये ॲरिस्टोफेनीसचं पहिलं नाटक रंगभूमीवर आलं. ते नाटक आता हरवलं आहे, पण त्यातला एक तुकडा गेलन या वैद्याने उद्धृत केल्यामुळे वाचला. त्यात बाप मुलाची परीक्षा घेतो: होमरच्या अमक्या शब्दाचा अर्थ काय, तमक्याचा काय? मुलगा उलट सोलोनच्या कायद्यातले जुने शब्द काढून म्हणतो, या माझ्या भावाला सांगू द्या यांचा अर्थ काय. म्हणजे अथेन्सच्या ऐन भराच्या काळात, ग्रीक मातृभाषा असलेल्या माणसांनाही होमर कोशाशिवाय पुरता कळत नव्हता.

आधुनिक कोशांचा पाया फ्रान्झ पासो या जर्मन कोशकाराने घातला. प्रत्येक शब्दाने स्वतःची जीवनकथा सांगितली पाहिजे, म्हणून दाखले काळाच्या क्रमाने द्यायचे, हे त्याचं तत्त्व. त्याच्या कोशाच्या आधारे हेन्री लिडल आणि रॉबर्ट स्कॉट यांनी १८४३ मध्ये ऑक्सफर्डहून आपला कोश काढला. हे लिडल म्हणजे जिच्यासाठी ॲलिसची अद्भुत गोष्ट रचली गेली त्या ॲलिसचे वडील. १९४० मध्ये पुरी झालेली या कोशाची नववी आवृत्ती आजही जगभर वापरतात. २०२१ मध्ये केंब्रिजचा नवा कोश आला. लिडल आणि स्कॉट यांचा जुना मध्यम आकाराचा कोश सुधारावा, या जॉन चॅडविक यांच्या सूचनेवरून १९९७ मध्ये काम सुरू झालं. पण सुधारणा पुरणार नाही हे लक्षात आल्यावर जेम्स डिगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ ग्रंथ पुन्हा वाचून सगळ्या नोंदी नव्याने लिहिल्या. त्यात दोन दशकांहून अधिक काळ गेला. शरीरधर्माचे जे शब्द जुन्या कोशकारांनी आडवळणाने सांगितले होते, ते या कोशात सरळ सांगितले आहेत, ही फार योग्य गोष्ट झाली. ॲरिस्टोफेनीसच्या पात्राने शिवी दिली असेल तर वाचणाऱ्याला ती शिवी म्हणूनच कळायला हवी.

दाखलाच नसेल तर काय होतं, हे एका शब्दाच्या कहाणीत दिसतं. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीसाठी 'एपिउसिऑस' हे विशेषण आहे. मराठीत आपण 'रोजची भाकर' म्हणतो. हा शब्द मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या त्या प्रार्थनेत आहे, आणि त्याआधीच्या ग्रीकमध्ये कुठेच नाही. ओरिजेन हा तिसऱ्या शतकातला पंडित, ग्रीक त्याची स्वतःची भाषा. त्यानेच लिहून ठेवलं आहे की हा शब्द ग्रंथांतही नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनी तो घडवलेला दिसतो. मग प्रत्येकाने शब्द फोडून पाहिला. एका फोडीने 'येणाऱ्या दिवसाची', दुसरीने 'जगायला लागते तेवढी', तिसरीने 'द्रव्यापलीकडची'. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना मत्तयमध्ये 'द्रव्यापलीकडची' असा शब्द घातला आणि लूकमध्ये 'रोजची' ठेवला. एकच प्रार्थना, एकच शब्द, एकाच भाषांतरकाराचे दोन अर्थ.

१८८९ मध्ये आशा निर्माण झाली. इजिप्तमधल्या हवारा इथे फ्लिंडर्स पेट्री यांना सापडलेल्या एका पपायरसावर घरखर्चाची यादी होती, आणि आर्चिबाल्ड सेस यांनी तिच्यात या शब्दाची सुरुवातीची अक्षरं वाचली होती. यादी खर्चाची, तेव्हा अर्थ 'रोजचा शिधा' असणार, असं पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी धरलं. मूळ कागद मात्र बेपत्ता झाला होता, त्यामुळे कोणाला पडताळून पाहता येईना. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात ओळखू आला. नव्याने वाचल्यावर १९९९ मध्ये असं प्रसिद्ध झालं की तिथे तो शब्दच नाही. लिहिलं आहे ते 'एलाइऊ', म्हणजे तेल. भाकरीचा एकमेव बाहेरचा साक्षीदार असा गेला, आणि ओरिजेनचं म्हणणं सतराशे वर्षांनंतरही जिथल्या तिथे उभं आहे.

'कॅथार्सिस'ची अडचण याच्या नेमकी उलट आहे. इथे दाखल्यांना तोटा नाही. हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य शरीरातला दोष बाहेर पडण्याला कॅथार्सिस म्हणतात, मासिक पाळीलाही म्हणतात. थिओफ्रास्टस झाडांची छाटणी करण्याला म्हणतो. पपायरसांत जमीन साफ करणं, धान्य पाखडणं यांसाठीही तो येतो. हिरोडोटसच्या इतिहासात आड्रास्टस नावाचा फ्रिजियन माणूस सार्डिसला क्रीसस राजाकडे येतो. हातून नकळत भाऊ मारला गेलेला, रक्ताचा विटाळ अंगावर. तो कॅथार्सिस मागतो आणि राजा तो विधी करतो. तो कोण, कुठला हे विचारतो ते विधी झाल्यावर. इथे औषध नाही, देवाधर्माचं शुद्धीकरण आहे.

मग ॲरिस्टॉटल शोकात्मिकेची व्याख्या करताना म्हणतो की करुणा आणि भय यांच्या द्वारे ती अशा भावनांचं कॅथार्सिस साधते. यातला कॅथार्सिस कोणता? त्याच्या 'राजनीती' या ग्रंथात त्याने आश्वासन दिलं आहे की काव्यावरच्या लेखनात याचा खुलासा अधिक स्पष्ट करीन. तो खुलासा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. काव्यशास्त्राच्या हाती असलेल्या भागात हा शब्द आणखी एकदा येतो, पण तो ओरेस्टीसच्या नाटकातल्या शुद्धीच्या विधीबद्दल. १८५७ मध्ये याकोब बेर्नाइस यांनी वैद्यकातला अर्थ जोरदारपणे मांडला: साठलेलं बाहेर पडतं आणि माणसाला हलकं वाटतं. ॲरिस्टॉटलचे वडील राजवैद्य होते, हेही या मताच्या बाजूने सांगितलं जातं. बेर्नाइस हे सिग्मंड फ्रॉइड यांच्या पत्नीचे काका. फ्रॉइड आणि ब्रॉयर यांनी आपल्या पहिल्या उपचारपद्धतीला याच शब्दावरून नाव दिलं.

आपल्याकडे काव्यशास्त्राच्या वर्गात 'विरेचन' शिकवतात. तो पंचकर्मातला शब्द आहे, एरंडेल देऊन कोठा साफ करण्याचा. विरेचन म्हटलं की बेर्नाइस यांची बाजू आपण आधीच घेतलेली असते, आणि वर्गात हे सहसा सांगितलं जात नाही. विद्यार्थ्याला वाटतं ॲरिस्टॉटल असंच म्हणाला. मला स्वतःला वैद्यकाचा अर्थ अपुरा वाटतो. नाटक पाहून बाहेर पडलेल्या माणसाकडे नुसता रितेपणा नसतो, काही समजल्याची भावनाही असते. पण ॲरिस्टॉटलच्या मनात ती होती याचा पुरावा शब्दातून निघत नाही. म्हणून वर्गात 'कॅथार्सिस' तसाच ठेवावा आणि आड्रास्टस, छाटणी, औषध हे सगळं समोर मांडावं, असं मी म्हणेन.

ग्रीक शब्दांच्या अर्थाचा सगळ्यात जवळचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९५८ मध्ये कंदाहारजवळ सम्राट अशोकाचा द्विभाषिक लेख सापडला, ग्रीक आणि अरामाईक. राजाचं 'प्रियदर्शी' हे नाव ग्रीकमध्ये 'पिओदास्सेस' असं उच्चाराबरहुकूम उतरवलं आहे. 'धम्म' मात्र तसा उतरवलेला नाही, त्याला 'युसेबेइआ' शब्द वापरला आहे. ग्रीकांच्या तोंडी युसेबेइआ म्हणजे देव, आईबाप, पूर्वज यांच्याविषयी योग्य तो आदर आणि त्याप्रमाणे वागणं. त्याच जागी अरामाईक मजकुरात 'सत्य' या अर्थाचा शब्द आहे. नालासोपाऱ्याला मिळालेल्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांच्या तुकड्यांत आपण जो धम्म वाचतो, त्याला त्याच राजाच्या कचेरीतून दोन परक्या भाषांत दोन वेगळे शब्द मिळाले. भाषांतर करणाऱ्याने कोश पाहिला नसणार. कंदाहारच्या ग्रीकांना काय ऐकू जाईल हे त्याला ठाऊक होतं.

१९६३ मध्ये तिथेच आणखी एक ग्रीक लेख मिळाला, बाराव्या आणि तेराव्या शिलालेखांचा भाग असलेला. बाराव्यात अशोक सर्व 'पासंडां'नी एकमेकांचा मान राखावा, वाणीवर ताबा ठेवावा, असं सांगतो. पासंड म्हणजे तेव्हा पंथ, निंदेची छटा नसलेला शब्द. ग्रीकमध्ये त्याला 'दियात्रिबे' म्हटलं आहे. या शब्दाचा धातू 'घासणं, झिजवणं' या अर्थाचा. त्यावरून वेळ घालवणं, मग अभ्यासात वेळ घालवणं, मग तत्त्वज्ञाची शाळा. प्लेटोचा सॉक्रेटिस न्यायालयात आपल्या संवादांसाठी हाच शब्द वापरतो, आणि एपिक्टेटसच्या प्रवचनांचं ग्रीक नावही तेच आहे. एवढ्या मानाचा शब्द पासंडासाठी निवडला, यावरून त्या काळी पासंडाचं वजन किती होतं ते कळतं.

पुढे दोन्ही शब्द घसरले. इंग्रजीत 'डायट्राइब' म्हणजे एखाद्यावर तुटून पडणारं भाषण. आणि पासंडाचं मराठीत पाखंड झालं. आजच्या अर्थाने वाचायला गेलं तर अशोकाचा बारावा शिलालेख पाखंड्यांना मान द्या असं सांगतो, आणि कंदाहारचा दगड शिव्याशापांत संयम ठेवा असं. ग्रीक आणि प्राकृत मजकूर शेजारी ठेवले की दोन्ही शब्द एकमेकांचा जुना अर्थ सावरून धरतात: बौद्ध, जैन, आजीविक, ब्राह्मण, आणि कंदाहारच्या बाजारपेठेत राहणारे प्लेटो-ॲरिस्टॉटलचे वारस, सगळे एकाच शब्दात बसणारे, कुणालाही दूषण न देणारे.