काच पुसायची नसते, निथळायची असते

काचेवर डाग राहतात ते बहुतेक वेळा धुळीचे नसतात, जागेवर सुकलेल्या पाण्याचे असतात. म्हणून या कामातलं खरं अवजार फडकं नव्हे, तर रबरी पट्टीचा वायपर म्हणजेच स्क्वीजी. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये खिडक्या धुणारे इटालियन स्थलांतरित एत्तोरे स्तेक्कोने यांनी १९३६ मध्ये हलक्या, एकपट्टी पितळी स्क्वीजीचं पेटंट घेतलं. त्याची मूळ रचना आजही बदललेली नाही.

सुरुवातीला काचेची वरची कड बोटभर कोरडी करून घ्यावी. रबर कोरड्या काचेवरून ओल्यात शिरलं की ओघळ येत नाहीत. मग हात न उचलता नागमोडी ओढत खाली यायचं. प्रत्येक वळणावर पट्टी आधीच्या पट्ट्यावर थोडी चढली पाहिजे. रबराला बारीकशी खाच पडली तरी काचेवर रेघ उमटते; तेव्हा रबर उलटवून दुसरी धार वापरावी, तीही गेली की बदलावं. इथे काटकसर महागात पडते, कारण तीच काच पुन्हा धुवावी लागते.

सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर पूर्वेच्या. तापलेल्या काचेवर साबण हात पोहोचायच्या आत सुकतो. बोअरवेलचं जड पाणी टाळावं, त्यातले क्षार पांढरे ठिपके सोडतात. उलट, क्षार पूर्ण काढलेलं पाणी लांब दांड्याच्या ब्रशने सोडलं, तर काच पुसावीच लागत नाही. दोन-तीन मजल्यांपर्यंत शिडीही चढावी लागत नाही, आणि कामगाराच्या जिवाच्या दृष्टीने मला हा फायदा सर्वांत मोठा वाटतो.