माथेरानच्या इंजिनाची प्रतिकृती

अकलोलीच्या कुंडांवर गरम पाण्याची वाफ तरंगताना आपण पाहतो. ती वाऱ्यावर विरून जाते, तिच्याने काडीसुद्धा हलत नाही. पण हीच वाफ लोखंडी बॉयलरात कोंडली, की चढावर गाडी ओढते. हा फरक मुलांना समजावा कसा? वाफेची इंजिने आता बहुतेक संग्रहालयांतच उरली. तेव्हा इंजिनाची प्रतिकृती शाळेतच करावी, हे उत्तम.

नमुना नेरळ-माथेरानच्या इंजिनाचा घ्या. ही लाईन १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची खटपट तिच्यामागे होती. जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन आणि कॉपेल कारखान्याने तिच्यासाठी चार इंजिने बांधली. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

आधी माप ठरवा. एकास वीस हे प्रमाण सोयीचे. दोन रुळांमधले अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेतीस मिलिमीटर. मोठ्या लाईनीचे अंतर १६७६, तिथे ते सुमारे ८४ भरेल. आता गंमत पाहा. रूळ अरुंद झाले, पण ड्रायव्हर काही लहान झाला नाही! पावणेसहा फुटी माणूस प्रतिकृतीत पावणेनऊ सेंटीमीटरचा होणार. त्याला उभे राहता आले पाहिजे, पायरीवर पाय ठेवता आला पाहिजे. म्हणून अरुंद रुळांचे इंजिन रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दिसते. बाजारातल्या खेळण्याला नवे रूप द्यायचे असेल, तर आधी पुठ्ठ्याचा माणूस कापून त्याच्याशेजारी उभा करा. चूक लगेच नजरेत येते.

मग एकेक भाग जोडा. सांगाडा पुठ्ठ्याचा, बॉयलर गोल डब्याचा, नळ्या तारेच्या. परंतु प्रत्येक भागाला विचारा, ‘बाबा, तू कशासाठी?’ बाजूच्या टाक्या पाण्यासाठी. वरचा घुमट कोरडी वाफ घेण्यासाठी, कारण पाणी सिलिंडरात शिरले तर घात होतो. वाळूची पेटी चाके घसरू नयेत म्हणून. एक मीटर फळीचे टोक पाच सेंटीमीटर उचला, म्हणजे माथेरानचा कडक चढ किती ते कळेल. चाकांचे तीन जोड. त्यांतले पुढचा आणि मागचा वळणावर किंचित वळू शकत, म्हणून इतक्या नागमोडी वाटेवर इंजिन चाले. प्रतिकृतीतही या दोन आसांना थोडी ढील ठेवा.

रंग अगदी शेवटी. काळा रंग फासून थांबू नका. धुराड्याभोवती काजळी, वाफ गळते त्या सांध्यांखाली पांढुरके ओघळ, चाकांच्या दांड्यांवर तेलकट चमक आणि खालच्या अंगाला माथेरानची तांबडी धूळ. हे सारे राबणाऱ्या यंत्राच्या खुणा आहेत. कोरड्या कुंचल्याने, हलक्या हाताने द्या.

एक ताकीद मात्र विसरू नका. प्रतिकृती खरीखुरी चालावी म्हणून बंद डब्यात पाणी घालून तो विस्तवावर ठेवू नका. पाण्याची वाफ झाली, की मोकळ्या हवेत ती सोळाशेपटींहून जास्त जागा मागते. जागा मिळाली नाही तर डबा फुटतो आणि मुलांचे हात, डोळे जातात. खऱ्या बॉयलरावर सुरक्षा-झडप असते ती याचसाठी. तुमच्या प्रतिकृतीवरही ती तारेची का होईना, बसवा.

काम पुरे झाले, की गावकऱ्यांना बोलवा. मुलांना एकेक भाग वाटून द्या आणि ज्याचा जो भाग, त्यानेच तो समजावून सांगावा. ज्याला सांगता येईल, त्याला इंजिन समजले असे समजा.